मोटारीला शेपटी शोभते का?

हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. पण हौशी माणसांमध्ये वाद किती असतात, हे मात्र कुणी सांगत नाही! पोस्टाची तिकिटं जमवणारे घ्या, जुनी नाणी जमवणारे घ्या, नाहीतर गुलाबाची कलमं करणारे घ्या. दोन हौशी माणसं भेटली की पहिली पाच मिनिटं कौतुकात जातात नि पुढचे दोन तास वादात. बाहेरच्या माणसाला वाटतं, एवढं काय आहे त्यात? पण जरा कान देऊन ऐकलं, तर त्या वादात आपल्या घरातलेच प्रश्न सापडतात. वस्तू दिसायला हवी की वापरायला? नक्षी म्हणजे सौंदर्य, की धूळ बसायची जागा? आणि अमुक एक वस्तू 'बायकांना आवडते' असं म्हणतात, ते नक्की ठरवतं कोण?

आज मी ज्या हौसेबद्दल लिहिणार आहे ती आहे जुन्या अमेरिकन मोटारींची आणि त्यांच्या हुबेहूब, चिमुकल्या प्रतिकृतींची. बऱ्याच घरांच्या शोकेसमध्ये चिनीमातीच्या बाहुल्यांशेजारी अशा दोन-चार मोटारी उभ्या असतात. त्यांचा शौक मुलाला, दिराला, कधी खुद्द यजमानांना; पुसायचं काम मात्र आपल्याकडे! तेव्हा ज्या वस्तू आपण पुसतो त्यांची कुळकथा ठाऊक असलेली बरी, नाही का?

शेपटी आली कुठून?

अमेरिकेत सुरुवातीची कित्येक वर्षं मोटारीचं रूप इंजिनिअर ठरवत. गाडी चालली पाहिजे, टिकली पाहिजे, स्वस्त पडली पाहिजे. दिसते कशी, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. हेन्री फोर्ड यांची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत राहिली आणि त्यातली बरीच वर्षं ती फक्त काळ्या रंगात मिळे.

१९२७ सालीच जनरल मोटर्सनं हार्ले अर्ल नावाच्या गृहस्थांना बोलावून घेतलं. अर्ल मूळचे हॉलिवूडचे. वडिलांचा गाड्यांचे सांगाडे बांधायचा कारखाना होता आणि तिथं सिनेनटांसाठी खास मोटारी तयार होत. अर्ल यांच्यासाठी कंपनीनं 'कला आणि रंग' असा वेगळा विभागच काढला. लाकूड नि पत्रा ठोकत बसण्यापेक्षा ते मातीत आकार घडवून बघत. आपल्याकडे पेणचे कारागीर साचा करण्याआधी गणपतीची मूर्ती मातीत घडवतात ना, तसंच. मातीमुळे हवा तसा बाक देता येतो, नको तो खरवडून टाकता येतो. दरवर्षी रूप थोडं बदलायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी आपोआप जुनी दिसू लागते, ही युक्तीही त्याच कंपनीनं पक्की केली. साड्यांच्या काठांची फॅशन बदलते तशी मोटारीची फॅशन सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अर्ल आणि त्यांचे सहकारी 'पी-३८ लाइटनिंग' हे लढाऊ विमान बघायला गेले. त्या विमानाला दोन शेपट्या होत्या. त्या त्यांच्या डोळ्यांत भरल्या आणि १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीच्या मागच्या मडगार्डांवर दोन छोटे उंचवटे आले. मोटारीची शेपटी जन्मली ती अशी.

मग सुरू झाली चढाओढ. क्रायस्लर कंपनीचे कलाकार व्हर्जिल एक्सनर यांनी १९५७ च्या मोटारी बुटक्या, सडपातळ आणि मागे उंच शेपट्यांच्या केल्या. १९५६ च्या ऑगस्टमध्ये जनरल मोटर्समधल्या चक जॉर्डन या तरुण कलाकारानं प्रतिस्पर्धी कारखान्याच्या कुंपणातून या नव्या कोऱ्या मोटारी उभ्या असलेल्या पाहिल्या. परत येऊन त्यानं सहकाऱ्यांना सांगितलं, नि तेही बघून आले. आपल्या पुढच्या मोटारी यांच्यापुढे जाडजूड दिसणार हे सगळ्यांना कळून चुकलं. ठरलेले आराखडे बाजूला गेले आणि नवे सुरू झाले. त्यातूनच आली १९५९ ची कॅडिलॅक.

ही कॅडिलॅक केवढी लांब होती सांगू? सहावारी साडी जमिनीवर उलगडून पसरली तर ती होते १८ फूट. कॅडिलॅक तिच्याहूनही ९ इंचांनी लांब! मागे दोन्ही बाजूंना आभाळात घुसणाऱ्या शेपट्या आणि प्रत्येक शेपटीत बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन-दोन लाल दिवे. याहून उंच शेपटी मग झाली नाही. पुढच्याच वर्षी ती उतरू लागली आणि १९६५ पर्यंत कॅडिलॅकवरून जवळजवळ दिसेनाशी झाली.

या शेपट्यांचा आपल्याशी काय संबंध, असं वाटेल. पण मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिच्या मागच्या दिव्यांवर मडगार्डाची एक छोटीशी उभी कड होती. ती मोटार मूळची इटलीच्या फियाटची, आणि अमेरिकेतली ही शेपटीची लाट इटलीपर्यंत पोचली तेव्हाचं तिचं हे रूप. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनं मुंबईचा निरोप घेतला. तोपर्यंत डेट्रॉइटच्या त्या चढाओढीचा एक लहानसा अंश आपल्या डोळ्यांसमोरून रोज जात होता! मुंबईला अमेरिकन मोटारी नव्या नव्हत्याच म्हणा. जनरल मोटर्सनं १९२८ साली शिवडीला मोटारी जुळवायला सुरुवात केली होती, आणि पुढे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात डॉज, प्लिमथ नि डिसोटो तयार होत.

सुंदर की भपकेबाज?

आता वादाकडे येऊ. जुन्या अमेरिकन मोटारींच्या शौकिनांत ढोबळ मानानं दोन पक्ष आहेत.

पहिला पक्ष म्हणतो, १९५९ ची कॅडिलॅक म्हणजे कळस. लढाई संपली होती, हातात पैसा होता, माणसं आनंदात होती आणि तो आनंद त्या पत्र्यात नि क्रोममध्ये उतरला आहे. मोटार ही नुसती ये-जा करायची पेटी असती, तर मग लग्नात शालूच कशाला नेसायचा? सुती साडीनंही अंग झाकतं!

दुसरा पक्ष म्हणतो, हा निव्वळ भपका. अंगभर दागिने घातले म्हणून बाई सुंदर होत नाही. या पक्षाची तक्रार आजची नाही. रेमंड लोवी या नामवंत कलाकारानं १९५५ सालीच या चकचकाटावर जाहीर टीका केली आणि मोटारींना चाकांवरच्या ज्यूकबॉक्सची उपमा दिली. (ज्यूकबॉक्स म्हणजे हॉटेलात नाणं टाकून गाणं लावायचं ते रंगीत दिव्यांचं कपाट.) शेल कंपनीचं शिंपल्याचं आजचं बोधचिन्ह १९७१ साली तयार झालं, तेही याच लोवींच्या हातचं. त्यांच्या कार्यालयात रॉबर्ट बर्क यांच्या हातून घडलेली १९५३ ची स्टुडबेकर बघा, असं हा पक्ष सांगतो. बसकी, साधी, कुठंही जादा पट्टी नाही. यावर पहिल्या पक्षाचं उत्तर तयार असतं : "मग ती कंपनी का बुडाली?" स्टुडबेकरनं १९६६ मध्ये मोटारी बनवणं बंद केलं, हे खरंच आहे. कंपनी बुडायला इतरही पुष्कळ कारणं होती. पण वादात एवढा तपशील कोण बघतो?

एकाच मोटारीच्या भक्तांतही फाटे फुटतात. शेव्हरलेटचं उदाहरण घ्या. १९५५, १९५६ आणि १९५७ या तीन वर्षांच्या शेव्हरलेट म्हणजे तीन सख्ख्या बहिणी. १९५५ ची साधी, फेरारीच्या धर्तीवर समोर चौकटीची छोटी जाळी असलेली. तेव्हाच्या गिऱ्हाइकांना ती जाळी फारच साधी वाटली, म्हणून पुढच्या वर्षी ती रुंद केली. १९५७ च्या शेव्हरलेटला शेपट्या आल्या, सोनेरी नक्षी आली. आज सर्वसाधारण माणूस १९५७ ची बघून हरखतो. जाणकार म्हणवणारे बरेचजण १९५५ च्या सोज्ज्वळपणावर जीव टाकतात. गंमत म्हणजे १९५७ च्या मॉडेलांच्या विक्रीत फोर्ड शेव्हरलेटच्या पुढे होती. तेव्हा जी मागे पडली, तीच पुढे लाडकी झाली.

एडसेलची कथा तर ऐकण्यासारखी आहे. फोर्ड कंपनीनं ही नवी मोटार काढताना नाव सुचवण्यासाठी मारियान मूर या नामवंत कवयित्रीला पत्र घातलं. बाईंनी एकाहून एक विचित्र नावं पाठवली. त्यातलं एक होतं 'यूटोपियन टर्टलटॉप'. कंपनीनं फुलं पाठवून आभार मानले आणि नाव ठेवलं ते हेन्री फोर्ड यांच्या मुलाचं! १९५७ च्या सप्टेंबरात एडसेल बाजारात आली. समोर मधोमध उभी लांबट जाळी. लोकांनी तिला घोड्याच्या गळ्यातल्या पट्ट्यापासून काय काय उपमा दिल्या. १९५९ च्या नोव्हेंबरात ती बंद झाली. आज मात्र नाक मुरडून टाकलेल्या त्याच जाळीसाठी शौकीन एडसेल शोधत फिरतात. "सगळ्या मोटारी सारख्या दिसतात, हिला निदान स्वतःचा चेहरा आहे," हे त्यांचं म्हणणं. विरोधक म्हणतात, "हसं झालेली वस्तू जुनी झाली म्हणून सुंदर होत नाही."

या दोन पक्षांचं एकमत होतं ते बहुधा १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलपाशी. सपाट बाजू, मोजकं क्रोम, आणि मागची दारं कपाटाच्या दोन फळ्यांसारखी मधोमध उघडणारी. एल्वूड एंगल यांच्या हातची ही मोटार भपकेबाज म्हणावी तर नाही, गरीब म्हणावी तर तीही नाही. पण एकमत झालं की गप्पा संपतात, म्हणून मंडळी तिथं फार वेळ थांबत नाहीत!

जिच्या नावानं गुलाबी रंग दिला

या सगळ्या वादात बाई कुठं आहे? मला विचाराल तर या इतिहासातलं सगळ्यात वाचनीय पान तेच.

१९५५ साली डॉज कंपनीनं खास बायकांसाठी म्हणून 'ला फाम' नावाची मोटार काढली. बाहेरून गुलाबी नि पांढरी. आत सीटवर गुलाबकळ्यांचं कापड. सोबत त्याला शोभेलशी पर्स, त्यात लिपस्टिकची डबी, पावडरचा डबा, कंगवा. शिवाय रेनकोट, टोपी नि छत्री. सगळं एकाला एक जुळणारं. पण मोटार आतून तीच, जी पुरुषांना विकत होते. गाडी लावताना मागचं नीट दिसतं का, पोरं-पिशव्या घेऊन चढता-उतरता येतं का, याचा विचार त्यात नव्हता. बायकांनी ती फारशी घेतली नाही. १९५६ नंतर 'ला फाम' बंद पडली.

जनरल मोटर्समध्ये याच सुमारास हार्ले अर्ल यांनी काही शिकलेल्या तरुणींना कामावर घेतलं होतं. कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी त्यांना एक लाडीक टोपणनाव दिलं. त्या मुलींना ते मुळीच आवडलं नाही. काहीजणी फ्रिजिडेअर या त्याच कंपनीच्या रेफ्रिजरेटर-स्वयंपाकघराच्या विभागात होत्या, काही मोटारींकडे. मोटारींकडे, पण आतल्या बाजूला! कापड, रंग, गाद्या, मुठी हे बायकांचं. बाहेरचा पत्रा, शेपटी, जाळी हे पुरुषांचं. घरात आणि मोटारीत वाटणी सारखीच, नाही का?

तरीही मिळालेल्या जागेत त्यांनी काय केलं बघा. १९५८ साली कंपनीनं त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं. रूथ ग्लेनी यांनी आपल्या कॉर्व्हेट मोटारीला चार ऋतूंसाठी सीटच्या कव्हरांचे चार जोड केले. ओढून घेता येणारे नि आपोआप आत जाणारे सीटचे पट्टे, मुलांना मागची दारं चुकून उघडता येऊ नयेत अशी सोय, सामान ठेवायला नीट कप्पे, असल्या गोष्टी या बायकांना सुचल्या. आज मुलांच्या दाराचं कुलूप साध्यातल्या साध्या मोटारीत असतं आणि आपण ते गृहीतच धरतो. १९५८ च्या अखेरीला अर्ल निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या बिल मिचेल यांना बायकांनी मोटारी घडवणं फारसं रुचत नव्हतं आणि बहुतेकजणी एकेक करून बाहेर पडल्या. सुझान व्हँडरबिल्ट मात्र टिकून राहिल्या, त्या थेट सत्तरच्या दशकापर्यंत.

वीतभर मोटारीची कुळकथा

आता आपल्या शोकेसकडे येऊ. डेट्रॉइट परिसरात १९४७-४८ च्या सुमारास जो-हॅन, एएमटी अशा छोट्या कंपन्या निघाल्या. खऱ्या मोटारीच्या पंचवीसपट लहान, प्लॅस्टिकच्या प्रतिकृती त्या तयार करत. कशासाठी? तर मोटारीच्या दुकानात आई-वडील गाडी बघत असताना पोराच्या हातात द्यायला! रंगसुद्धा खऱ्या मोटारीच्या रंगाशी जुळवलेला. पोरगं खेळणं घेऊन घरी जाई आणि रोज बापापुढे नाचवी. आजचे जाहिरातवाले उगाच स्वतःला हुशार समजतात!

१९५८ मध्ये एएमटीनं हीच मोटार सुट्या भागांत, घरी जोडायला दिली. एका पेटीतून तीन प्रकारे जोडता येई : कारखान्यातून निघते तशी, आपल्या मनासारखी सजवलेली, नाहीतर शर्यतीची. घरोघरची मुलं डिंक नि ब्रश घेऊन बसली.

याहून जुनी एक गोष्ट आहे. १९३० पासून १९६८ पर्यंत जनरल मोटर्सचा फिशर बॉडी विभाग मुलांसाठी देशभर एक स्पर्धा भरवी. सुरुवातीला नेपोलियनच्या काळातल्या घोडागाडीची नाजूक प्रतिकृती करायची असे. पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार. बक्षीस म्हणून शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे. १९४७ साली ज्या मुलानं पहिला नंबर मिळवला तो म्हणजे चक जॉर्डन, पुढे कुंपणातून डोकावणारा तोच! १९८६ मध्ये तो कंपनीच्या मोटारी घडवणाऱ्या सगळ्या विभागाचा प्रमुख झाला. म्हणजे छोट्या मोटारीतून मोठी मोटार जन्मली म्हणायची. पण या स्पर्धेला प्रवेश फक्त मुलग्यांना होता, मुलींना नाही. मग मोटारी घडवणारे पुरुषच निघाले, यात नवल ते काय?

नंतर प्रौढ शौकिनांसाठी महागड्या प्रतिकृती निघू लागल्या. कॅनडातल्या ब्रुकलिन गावी १९७४ साली सुरू झालेली, पुढे इंग्लंडला गेलेली 'ब्रुकलिन मॉडेल्स' ही कंपनी कथलाच्या मिश्रधातूत अमेरिकन मोटारी ओतू लागली. आणि मुलांच्या लाडक्या 'हॉट व्हील्स' आल्या १९६८ मध्ये, मॅटेल कंपनीकडून. ही कंपनी उभी करणाऱ्यांतले इलियट हँडलर हॉट व्हील्सच्या मागे, तर त्यांच्या पत्नी रूथ हँडलर बार्बी बाहुलीच्या मागे. एकाच घरातून मुलाची मोटार नि मुलीची बाहुली!

एका मिलिमीटरचं भांडण

आमच्या धाकट्या दिरांना हा नाद आहे. गेल्या दिवाळीत त्यांचे एक मित्र फराळाला आले होते. दोघांपुढे १९५७ च्या शेव्हरलेटच्या दोन प्रतिकृती, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या. चकली तशीच ताटलीत आणि दोघं हातघाईवर!

"वहिनी, तुम्हीच सांगा," दीर म्हणाले, "हिचा टप उंच वाटतो की नाही?"

"अहो, किती उंच? एक मिलिमीटर!" मित्र म्हणाले.

मी मुलांच्या दप्तरातून फूटपट्टी आणली. मोटार १:४३ या प्रमाणातली होती, म्हणजे खरीच्या त्रेचाळीसपट लहान. मग प्रतिकृतीतला एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या मोटारीवर ४३ मिलिमीटर, दीड इंचाहून जास्त. डोक्यावरची टोपी दीड इंच वर सरकली तर माणूस ओळखू येईल का? दिरांचं म्हणणं मला पटलं आणि तसं मी सांगितलं.

"पण वहिनी, हिची दारं उघडतात बघा!" मित्रांनी लगेच दुसरी बाजू मांडली. आता इथं खरा पेच आहे. दार उघडायचं तर बिजागरी हवी, बिजागरीला जागा हवी. खऱ्या मोटारीच्या दाराची फट असते जेमतेम पाच मिलिमीटरची. ती १:४३ मध्ये केसाएवढी व्हायला हवी. उघडत्या दाराला ते जमणं कठीण, त्यामुळे फटी जाड दिसतात. बंद दारांची मोटार बाहेरून जास्त खरी दिसते, उघड्या दारांची हाताळायला गोड वाटते. एक पक्ष नजरेचा, एक हाताचा.

रंगावरूनही असंच. चमचमत्या रंगातले कण खऱ्या मोटारीवर दिसतही नाहीत; तोच रंग छोट्या मोटारीला दिला की अंगभर टिकल्या लावल्यासारखी दिसते. म्हणून काहीजण मुद्दाम वेगळा, मंद रंग देतात. मग दुसरे म्हणतात, "हा कारखान्याचा रंगच नव्हे!"

प्रमाण कोणतं निवडावं यावर तर कधीच एकमत होत नाही. ती १८ फूट ९ इंची कॅडिलॅक १:२५ मध्ये बरोबर वीतभर होते. १:१८ मध्ये फुटापेक्षा जरा मोठी, १:४३ मध्ये सव्वापाच इंच आणि १:६४ मध्ये तळहातावर मावेल एवढी, साडेतीन इंच. मोठीत बारकावे दिसतात, पण चार ठेवल्या की शोकेस भरलं. लहान शंभर मावतात, पण बघायला भिंग हवं. जागेचा हा हिशेब मात्र आपल्याला कुणी शिकवायला नको!

छोट्या मोटारीत काय मावत नाही

हे सगळं ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. वीतभर मोटारीला पेट्रोल लागत नाही. ती गंजत नाही. १९५७ च्या क्रायस्लरच्या मोटारी घाईघाईनं बाजारात आणल्या गेल्या. त्यात पावसाचं पाणी झिरपायचं, पत्रा लवकर गंजायचा, आणि घेणाऱ्यांनी कपाळावर हात मारला. त्यांच्या प्रतिकृतीत मात्र ती उमदी शेपटी तेवढी उरली आहे.

आणि टोक? राल्फ नेडर या वकिलानं १९६५ साली अमेरिकन मोटारींच्या असुरक्षितपणावर पुस्तक लिहिलं, 'अनसेफ ॲट एनी स्पीड'. त्यात त्यानं मोटारी 'सजवणाऱ्यां'वरच एक प्रकरण खर्ची घातलं. टोकदार शेपट्यांवर आपटून माणसांना झालेल्या जखमांचा हिशेब त्यात आहे, आणि उभ्या असलेल्या मोटारीच्या शेपटीवर पडून एक लहान मुलगी दगावल्याचीही हकीकत आहे. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा झाला.

म्हणून मला वाटतं, त्या दोन पक्षांचं भांडण खऱ्या अर्थी शेपटीबद्दल नाहीच. एकजण फक्त आकार बघतो. दुसरा त्या आकाराबरोबर त्याची किंमत मोजणाऱ्यांना बघतो. शोकेसमधल्या शेपटीवर कुणाचं पोर आपटत नाही, म्हणून तिच्यावर निर्धास्तपणे प्रेम करता येतं. करावं की! आपल्या आजीचं पितळी घंगाळ आपण दिवाणखान्यात मिरवतो, पण ते रोज वापरून चिंचेनं घासायला आपण तयार आहोत का? मिरवताना घासणाऱ्या हातांची आठवण ठेवली म्हणजे झालं. सुंदर वस्तूवर प्रेम करायला हरकत नाही. ती कुणाला किती महाग पडली हेही ठाऊक असावं. आणि ती जिच्या नावानं केली, तिला कुणी विचारलं होतं का, हेही.

शोकेससाठी चार सूचना

शेवटी थोडं आपल्या कामाचं.

१. छोट्या मोटारी ओल्या फडक्यानं पुसू नका. आरसे, वायपर असे बारीक भाग फडक्यात अडकून तुटतात. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश घेऊन धूळ झटकावी.

२. शोकेस उन्हात नको. रंग तर उडतोच, पण पन्नासच्या दशकातल्या जुन्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती काळानुसार पापडासारख्या वाकतात, आणि उष्णतेनं ते लवकर होतं.

३. मऊ टायर असलेली मोटार प्लॅस्टिकच्या पाटावर वर्षानुवर्षं तशीच उभी ठेवू नका. टायरमधला तेलकट अंश उतरून खालचं प्लॅस्टिक खातो. खाली पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. त्याच कपाटात डांबराच्या गोळ्या मुळीच टाकू नयेत. त्यांच्या वाफेनंही काही प्रकारचं प्लॅस्टिक मऊ पडतं.

४. रिकामी खोकी रद्दीत देण्याआधी मालकाला विचारा! मूळ खोक्यासह असलेल्या प्रतिकृतीला शौकीन जास्त किंमत देतात. खोक्यावरून घरात उडालेले खटके मी ऐकले आहेत.

आणि एक पाचवी सूचना, पुसण्याझटकण्याच्या पलीकडची. पुढच्या वाढदिवसाला जोडायच्या मोटारीचा एखादा खोका आणाल, तेव्हा तो मुलीच्याही हातात द्या. तिच्यासाठी तो गुलाबीच असला पाहिजे असं नाही. रंग तिचा तिला ठरवू दे, आणि शेपटी ठेवायची की नाही, तेही.